सातवी बाई

सहा बाया होत्या तोवर ते चित्र होतं. सातवी केली आणि सगळं बिघडलं. ती सातवी मीच केली, कुणी माझा हात धरून करून घेतली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आम्ही मास्तर लोक बोलता बोलता दोष दुसऱ्याच्या गळ्यात कधी घालू, याचा नेम नाही.

आमचं गाव अंबडहून अंकुशनगरकडे जाताना लागतं. गावाच्या पूर्वेला जुनं दगडी पायऱ्यांचं तळं आहे. गावात नळ आले आणि तळ्याकडं कुणी बघेना. पायऱ्या ढासळल्या, काठानं बेशरम माजली आणि सकाळी टमरेल घेऊन जाणाऱ्यांशिवाय तिकडं कुणी फिरकेना. चौऱ्याण्णव साली काकासाहेब सरपंच झाला आणि त्यानं तळ्याचा ध्यास घेतला. कुठूनतरी योजना आणली, गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरनं आपापल्या रानात नेऊन टाकला. पायऱ्या पुन्हा बसवल्या, काठावर बाक टाकले, दिवे लावले. पायऱ्यांच्या वर माती घसरू नये म्हणून चाळीस फूट लांबीची भिंत बांधली आणि ती कोरी भिंत बघून त्याला मी आठवलो.

काकासाहेब माझा वर्गमित्र. मी गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. औरंगाबादेत चार वर्षं मूर्तिकाम शिकून आलो होतो आणि आल्यापासून वीस वर्षं पोरांकडून सुरई आणि दोन केळी काढून घेत होतो.

"भुजंग, ही भिंत तुझी," काकासाहेब म्हणाला. "असं काम कर की जालन्याहून माणसं बघायला आली पाह्यजेत."

"बघू," मी म्हणालो. पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात भिंत भरून झाली होती.

पाणी भरायला आलेल्या बाया करायच्या, असं मी ठरवलं. माणसाएवढ्या उंच, सिमेंटमध्ये, भिंतीतून पुढं आलेल्या. बद्रीनाथ गवंडी मदतीला होता. तो सिमेंटचे थर चढवायचा आणि ते ओलं असताना मी करणीनं आणि चाकूनं कोरायचो. उन्हाळ्याची सुट्टी होती. महिनाभरात सहा बाया उभ्या राहिल्या. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या कडेवर कळशी, एक वाकून पायरीवर हंडा टेकवतेय. मला वाटत होतं, झकास जमलंय.

बद्रीनाथ लांब जाऊन उभा राहिला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "सर, ह्या सख्ख्या बहिणी हैत का?"

"कामून रे?"

"न्हाई, सगळ्यांचं नाक एकाच साच्यातलं दिसून राह्यलं, म्हणून इचारलं."

मला राग आला. राग आला कारण त्याचं खरं होतं. सहाही चेहरे मी मनानंच केले होते आणि माझ्या मनात कॅलेंडरवरच्या बायांशिवाय काही नव्हतं. भिंतीच्या डाव्या टोकाला पाच फूट जागा उरली होती. तिथं एक तरी खरं माणूस करायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. मागं वळलो तर केशरबाई वाळू चाळत होती.

केशरबाई बौद्ध वस्तीतली. नवरा कडूबा वारून पाच-सहा वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा साहेबराव बदनापूरला शेती संशोधन केंद्रात कामाला होता. तो आईला चल म्हणायचा, पण ही गाव सोडायची नाही. वय पन्नाशीच्या पुढं, हाडं मोठी, खालचा ओठ जरासा आत दाबलेला, कपाळ स्वच्छ. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण वंदना अख्खी पाठ. पौर्णिमेला विहारात सगळ्यात पुढं बसून ती म्हणायची आणि बाकीची वस्ती तिच्यामागून म्हणायची. पुढं बसायचा तो मान तिनं कुणाकडं मागितला नव्हता, तो तिला आपसूक मिळाला होता.

मी विचारलं तेव्हा ती चाळणी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"माझं तोंड? भितीवर?"

"हो. दोन दिवस समोर बसायचं फक्त. मजुरी चालूच राहील."

"मजुरीचं न्हाई हो." तिनं चाळणी खाली ठेवली. "एक सांगते सर. माझ्या तोंडाला हळदकुकू लागलं न्हाई पाह्यजे. देव म्हणून कुणी हात जोडले न्हाई पाह्यजेत. आमी ते सगळं सोडून आलोत. एवढं बघत असाल तर बसते."

"केशरबाई, हे चित्र आहे, देऊळ थोडंच बांधतोय? माझा शब्द."

शब्द द्यायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

दोन दिवस ती पायरीवर माझ्यासमोर बसली. कागदावर मी काही काढलं नाही, सरळ ओल्या सिमेंटमध्येच तिला बघून कोरत गेलो. बसल्या बसल्या ती बोलायची. भिंतीचं ते टोक तळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर येतं. पूर्वी त्यांच्या वस्तीला पाणी भरायला तेवढाच कोपरा होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. ती बोलली.

"छप्पन सालची गोष्ट सांगते. बाबासाहेबांनी धम्म दिला, मंग आपल्या गावात बी सगळ्यांनी देव काढले. मी तवा नवी नवरी, तेरा वर्षांची. सासूनं घरातले सारे देव टोपल्यात भरले. खंडोबा, मरीआई, सात आसराचे सात गोटे. टोपलं दिलं माझ्या डोक्यावर. असं जड, असं जड की मान मोडून राह्यल्ती. ह्याच कोपऱ्यात आणून पाण्यात पालथं केलं. सासू म्हणली, केशर, आता तुझ्या डोक्यावर काई न्हाई."

मी तिचं नाक बसवत होतो. ऐकत होतो, पण नुसता कानानं.

"हातात काय देऊ तुमच्या? घागर की कळशी?" मी विचारलं.

"काईच देऊ नका. लई ओझं वाह्यलं. मोकळी राहू द्या."

म्हणून सातवी बाई मोकळी राहिली. सहाजणी पाण्यात गुंतलेल्या, आणि ही एकटी हात सोडून समोर बघत उभी. चेहरा असा आला होता की बद्रीनाथनं बिडी विझवली आणि टोपी काढली. आयुष्यात मी खरं म्हणावं असं एकच काम केलं, ते हे.

उद्घाटन सोमवारी होतं. शनिवारी सकाळी माझी आई म्हणाली, मला तुझं काम दाखव. तिला, द्वारकाबाईला, मोतीबिंदूनं दिसत नव्हतं. हात धरून नेलं. तिनं भिंतीला हात लावला आणि चाचपत निघाली. प्रत्येक बाईचा चेहरा चाचपायचा, घागर चाचपायची आणि तोंडानं मोजायचं. एक, दोन, तीन. सातवीपाशी पोचली, तिच्या गालावरून हात फिरवला, आणखी पुढं भिंत चाचपली. पुढं कुणी नव्हतं. मग आईनं चपला काढल्या आणि हात जोडले.

"सात केल्यास, भुजंगा. बरं केलंस. तळ्याला आसरा पाह्यजेतच."

मी पुन्हा मोजल्या, सातच होत्या.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं विहीर असो, तळं असो, काठाला शेंदूर लावलेले सात दगड असतातच. हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबू. कुणी बुडून मेलं तर माणसं हळू आवाजात म्हणतात, आसरांनी नेलं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर दर वर्षी नैवेद्याचं ताट मी स्वतः धरलेलं होतं. या गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाण्याकाठी सात बाया करणार नाही, आणि मी औरंगाबादेत शिकलेला माणूस त्या करून बसलो होतो.

बद्रीनाथ जवळच होता. त्याला लगेच कळलं.

"सर, आठवी करू," तो म्हणाला. "उजव्या टोकाला बी थोडी जागा हाय. आज सिमेंट चढवतो, उद्या तुम्ही कोरा. कशीबी करा, लहान पोरगी करा. आठ झाल्या की झगडाच मिटला."

दोन दिवस होते. सिमेंट होतं, वाळू होती, बद्रीनाथ तयार होता. मी म्हणालो, "घाईत केलेली आठवी सगळ्या भिंतीची शोभा घालवेल. लोक काय एवढे अडाणी आहेत का? चित्र आहे, कळेल त्यांना."

आता खरं कारण सांगतो. माझ्या कामापुढं कुणी चपला काढून हात जोडले, असं पहिल्यांदाच घडलं होतं. वीस वर्षं मी सुरई आणि केळी तपासली होती. आईचे ते जोडलेले हात मला आवडले होते.

सोमवारी उद्घाटन झालं. जालन्याहून दोन साहेब आले, काकासाहेबानं फेटा बांधला, माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. केशरबाई पांढरं लुगडं नेसून गर्दीच्या मागं उभी होती. कार्यक्रम संपल्यावर ती पुढं आली, स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली, मग वळून माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि हसली.

"बराबर उतरलंय," ती म्हणाली.

मी तिला आईचं मोजणं सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मंगळवार. सकाळी शाळेला जाताना मी तळ्यावर डोकावलो. सातही बायांच्या कपाळांवर कुंकवाची बोटं होती. सातवीच्या पायाशी हिरव्या बांगड्या आणि केळीच्या पानावर दहीभात. कुंकू ओलं होतं, नुसत्या पाण्यानं निघालं असतं. माझ्या खिशात रुमाल होता, तीन पायऱ्यांखाली पाणी होतं आणि आसपास कुणीही नव्हतं.

मी रुमाल काढला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, माझ्या स्वतःच्या, आणि शाळेत गेलो.

संध्याकाळी काकासाहेब भेटला. "भुजंग्या, तुझ्या कामात देव आला लेका!" मी हसून मान खाली घातली. घरी जाऊन बायकोला, उषाबाईला, ते जसंच्या तसं सांगितलं, वर म्हणालो, लोकांचं काय करणार. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तिला ते दिसलं असणार.

पंधरा दिवसांत कुंकवाचा शेंदूर झाला. तेलात कालवलेला, हातानं थापलेला. सगळ्यात जास्त सातवीला, कारण तीच समोर बघत होती आणि तिचेच हात रिकामे होते. लोक म्हणायला लागले, ही थोरली. आसपासच्या खेड्यांतून बाया यायला लागल्या. जालन्याहून माणसं बघायला येतील असं काकासाहेब म्हणाला होता, ते खरं झालं, पण ती चित्र बघायला येत नव्हती.

केशरबाई शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहिली, आत पाय ठेवला नाही. मी बाहेर गेलो.

"सर, तुम्ही शब्द दिल्ता."

"केशरबाई, लोकांना कोण अडवणार?"

"लोकांचं मी लोकांशी बघंन. तुमचं काय? तुम्ही केलं ते तुम्हाला काढता येतं का न्हाई?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "विहारात बाया तोंड लपवून हसून राह्यल्या. म्हणतात, केशरबाईनं देव टाकले आन् सोताच देवी झाली. परवा पौर्णिमेला मी पुढं बसले, तर मागून कुणी म्हणंचना. एकटीचाच आवाज. मंग उठून मागं जाऊन बसले. चाळीस वर्षं झाली सर, माझ्या घरात देव न्हाई. आन् आता माझंच तोंड."

"मी सरपंचांशी बोलतो," मी म्हणालो.

बोललोही. पण कसं, तर असं: "काकासाहेब, त्या केशरबाईची काहीतरी तक्रार आहे बघ. आठवी करावी का एखादी? का राहू द्यायचं?" समोरच्यानं 'राहू दे' म्हणावं अशा आवाजात विचारलं. तो म्हणाला, "राहू दे की. लोकांची भावना हाय. आता हात लावला तर मलाच तळ्यात बुडवतील." मी सुटलो. तिला निरोप पाठवला, सरपंच ऐकत नाहीत. बद्रीनाथनं एकदा मला विचारलं, सर, एक दिवस जाऊन तेवढं एक तोंड छिन्नीनं काढून टाकू का? मी म्हणालो, वेडा आहेस का. ते तोंड मला मोडवत नव्हतं. आयुष्यातलं एकच खरं काम माझं, ते मी मोडू? हा हिशेब मी मनाशी कितीदा मांडला असेल, आणि त्यात केशरबाईचं खरं तोंड एकदाही धरलं नाही.

मग एका बुधवारी ती तळ्यावर गेली.

चित्रकलेचा वर्ग तळ्याच्या समोरच. बुधवारी पहिला तास माझाच असायचा. खिडकीतून बघतो तर केशरबाई पदर खोचून भिंतीपुढं उभी. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात काथ्या. स्वतःच्या चेहऱ्याचा शेंदूर घासून काढत होती. तेलातला शेंदूर काथ्यानं कुठला निघतोय? मग तिनं खालून विटेचा तुकडा उचलला आणि त्यानं घासायला लागली. दोन-चार माणसं जमली. अप्पाराव पाटील तावातावानं पुढं गेला, म्हणाला, देवीला हात लावते काय?

केशरबाईचा आवाज वर्गापर्यंत आला. "देवी कोन? माझं तोंड हाय. मी माझं तोंड धून राह्यले. तुमचं काय जातंय?"

अप्पाराव दोन पावलं मागं सरला. कुणाला स्वतःचं तोंड धुऊ नको कसं म्हणायचं? तिनं चेहरा लख्ख केला, बादली उचलली आणि निघून गेली. वर्गातली पोरं हसत होती. मी खिडकी लावून घेतली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा शेंदूर लागला, पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली. मग ते चालूच राहिलं. पाऊस असो, थंडी असो, मंगळवारी गावानं लावायचं आणि बुधवारी तिनं घासायचं. वर्ष गेलं, दोन गेली. गावालाही सवय झाली आणि गावाला सवय झाली की काय होतं ते बघा. एका बुधवारी मंठ्याकडची एक बाई लहान लेकराला घेऊन आली होती. केशरबाई घासत होती आणि शेंदराचं लाल पाणी भिंतीवरून खाली ओघळत होतं. त्या बाईनं खाली तांब्या धरला. भक्तिभावानं पाणी भरून घेतलं, लेकराच्या डोक्याला लावलं आणि केशरबाईच्या पाया पडली. म्हणाली, "देवीला न्हाऊ घालायचं भाग्य तुमचं."

केशरबाईच्या हातातून वीट गळून पडली. मी खिडकीतून बघत होतो. ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. इतक्या वर्षांत ती रडलेली मी तेवढी एकदाच बघितली. मला जाता आलं असतं. शाळेच्या फाटकापासून तळं शंभर पावलं आहे. मी पोरांना म्हणालो, आज निसर्गचित्र काढा, आणि फळ्यावर दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढून दिला.

त्यानंतर ती भर दुपारी यायला लागली, कुणी नसताना. पण यायची. सूर्य डोक्यावर, पायऱ्या तापलेल्या, आणि ती एकटी घासतेय. मी तळ्याची वाटच सोडली. उद्घाटनाची सात-आठ छायाचित्रं काकासाहेबानं पंचायतीत लावली होती, त्यात सगळी फेट्यांची माणसं होती, भिंत मागं कुठंतरी. मी तीही बघायचं टाळायचो. माझी आई गेली. काकासाहेब निवडणूक हरला. मला त्या भिंतीमुळं दोन गावांनी देवळांची कामं सांगितली, ती मी केली, आणि लोक मला मूर्तिकार म्हणायला लागले.

नऊ वर्षं तिनं घासलं. मग गुडघे गेले आणि साहेबराव तिला बदनापूरला घेऊन गेला. त्यानंतर भिंतीवर नुसता शेंदूर चढत गेला, बोट-बोट जाड. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कळलं की केशरबाई गेली.

आठ-दहा दिवसांनी साहेबराव माझ्या घरी आला. पन्नाशीकडं झुकलेला, आईसारखाच खालचा ओठ आत दाबलेला. मी पाणी दिलं. तो खाटेच्या कडेवर टेकून बसला.

"सर, आईचं पुण्यानुमोदन हाय रविवारी. विहारात ठेवलंय, ती बसायची तिथंच. फोटो लावावा म्हणतो, तर फोटो न्हाई."

"एकही नाही?"

"मतदानाच्या कार्डावर हाय, पण त्याच्यात नुसता काळा डाग. माझ्या पोरीच्या लग्नात फोटोवाला मागं लागला, तर म्हणली, एकदा दिलं तोंड कुणाला, तेवढं पुरे झालं." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "तुम्ही केलेलं तोंड हाय तळ्यावर. वरचा शेंदूर तेवढा नीट काढून द्याल का? मी कॅमेरा आणलाय."

आम्ही तसेच निघालो. मी रॉकेलची बाटली, चिंध्या आणि माझा जुना चाकू घेतला. दुपारची वेळ होती, तळ्यावर कुणी नव्हतं. अकरा वर्षांत मी त्या भिंतीच्या एवढ्या जवळ गेलो नव्हतो. सहाजणी लालसर दिसत होत्या, पण त्यांची नाकं-डोळे कळत होते. सातवीच्या जागी नुसता शेंदराचा गोळा होता, त्यावर चांदीचे डोळे चिकटवलेले.

मी आधी डोळे काढले. मग कडेनं रॉकेल लावत, चाकूनं हळूहळू सोडवत गेलो. नाकाला धक्का लागू नये म्हणून जीव मुठीत धरून काम चाललं होतं. अर्ध्या तासानं शेंदराचं अख्खं कवच हललं आणि एकाच तुकड्यात माझ्या हातात आलं. साहेबरावनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला.

आत चेहरा नव्हता.

नाक नव्हतं, ओठ नव्हते, डोळ्यांच्या जागी खळगेसुद्धा नव्हते. वरवंट्यासारखा गुळगुळीत सिमेंटचा गोळा तेवढा उरला होता. नऊ वर्षांचे बुधवार, विटेच्या तुकड्यानं. दर आठवड्याला शेंदराबरोबर थोडं थोडं सिमेंट जात होतं आणि ती घासत राहिली होती. तिला ते हाताला कळत नसेल, असं मला वाटत नाही.

साहेबरावनं पुढं होऊन त्या गुळगुळीत जागेवर तळवा ठेवला. "काढलं बघा तिनं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काढलं न्हाई, मंग तिनंच काढलं."

मी पायरीवर बसलो. तो माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "तुम्हाला तर पाठ असंल सर. दोन दिवस बघितलं तुम्ही. कागदावर काढून द्या, आपण तेच लावू."

त्यानं पिशवीतून कॅमेऱ्याबरोबर आणलेली वही दिली. पेन्सिल माझ्या खिशात असतेच. मी चेहऱ्याची कड काढली, कपाळ काढलं, आणि हात थांबला. त्या सहाजणींचे चेहरे मला आठवत होते, जे मी मनानं केले होते. सातवा, जो समोर बसवून केला होता, तो येईना. डोळे मिटले की शेंदूरच दिसायचा आणि त्यावरचे चांदीचे डोळे. मी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. शेजारी तिचा मुलगा तिचाच ओठ घेऊन बसला होता, तरी मला ती सापडेना.

"नाही येत, साहेबराव," मी म्हणालो. आणि मग जे अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडून निघालं. "माझ्या आईनं उद्घाटनाच्या आधी मोजलं होतं. सात झाल्यात हे मला माहीत होतं. आठवी करायला दोन दिवस होते. आणि पहिलं कुंकू मी पाहिलं तेव्हा ते ओलं होतं. माझ्याकडं रुमाल होता."

तो वही पिशवीत ठेवत होता. वर न बघता म्हणाला, "आईला माहीत व्हतं ते."

"कुणी सांगितलं? बद्रीनाथनं?"

"कुणी न्हाई. ती म्हणायची, सर दोन दिवस माझं तोंड बघत व्हते, मंग समोर बसून मी काय बघत असंन? मी बी त्यांचंच बघितलं. उद्घाटनाच्या दिवशी नजर पडल्याबराबर कळलं मला, म्हणायची, ह्या माणसाला काईतरी ठाऊक हाय, आन् उद्या कुकू लागलं तरी हा पुसणार न्हाई."

तो उठला, पँटची धूळ झटकली, मला "येतो सर" म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

मी तिथंच बसून राहिलो, मांडीवर ते शेंदराचं कवच घेऊन. पांढरं लुगडं नेसून ती माझ्याकडं बराच वेळ बघत उभी होती तो दिवस मला आठवत होता. तिला सगळं कळलं होतं. तरी ती हसून मला 'बराबर उतरलंय' म्हणाली होती, आणि ते ऐकून मी खूश झालो होतो.